माय दुपारी पाणी पीत नव्हती

"तोंड उघड," डॉक्टर म्हणाला.

मायनं तोंड उघडलं. आणि उघडता उघडता पदर सोडून झटकला, कमरेची ओटी मोकळी करून दाखवली, दोन्ही तळहात उताणे धरले. असं कर म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. डाळमिलच्या फाटकावर रोज संध्याकाळी मुकादम म्हणायचा, "तोंड उघड," आणि तिथल्या बाया हे सगळं एका दमात करायच्या. गालात डाळ दाबून कुणी नेत तर नाही, म्हणून तो प्रत्येकीच्या तोंडात डोकावायचा. सहा वर्षं रोज हेच. मायच्या अंगात ते भिनलं होतं.

डॉक्टरला हे कुठून ठाऊक असणार? तो खुर्चीसकट मागं सरकला.

"काय करतेय ही?"

तेवढ्यात मायच्या गालातून एक चिंचोका सुटला आणि टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर पडला. ओला, काळा, चघळून गुळगुळीत झालेला.

लातूरच्या एका मंगल कार्यालयात ते शिबिर होतं. डाळमिलवाल्यांनी मजुरांसाठी फुकट तपासणी ठेवली होती. आम्हाला ट्रकमध्ये उभं करून आणलं होतं. डॉक्टर बाहेरून आलेला, मोठा. त्याच्याभोवती सात-आठ शिकाऊ डॉक्टर उभे होते. मी मायच्या शेजारी, हातात तिचा कागद घेऊन. आठवीत होते मी.

"हे काय आहे?" डॉक्टरनं पेनाच्या टोकानं चिंचोका ढकलला.

"चिंचोका हाय, सायब."

"खातेस?"

"न्हाई. गालात धरते."

"कशासाठी?"

मायनं माझ्याकडं बघितलं. मी कागदाकडं बघितलं.

"दिवसातून पाणी किती पितेस?"

"सकाळी एक तांब्या. सांजच्याला एक."

डॉक्टर शिकाऊंकडं वळला. त्याचे शब्द मला आजही जसेच्या तसे पाठ आहेत. "बघा. जनावराला तहान लागली की ते पाण्यावर जातं. या लोकांना तेवढंही कळत नाही. चिंचोके चघळतील, मिश्री लावतील, पण पाणी पिणार नाहीत. आणि मग लघवीला आग होते म्हणून आपल्यापुढं येऊन बसतील."

सगळे हसले. एक मुलगी हसली नाही. ती वहीत लिहून घेत होती.

मग तो मला म्हणाला, "शाळेत जातेस?"

"हो सर. आठवीत."

"मग शिकव हिला काहीतरी."

"हो सर," मी म्हणाले.

हो सर! त्यानं माझ्या आईला जनावराच्या खाली बसवलं आणि मी हो सर म्हणाले. वर किंचित हसलेसुद्धा. शाळेत गुरुजींनी शाबासकी दिली की हसायचे, तशी. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. त्याच्या बोलण्याचा राग नंतर आला. ही लाज मात्र तिथंच, त्या टेबलाशीच वाटली, आणि तेव्हा मी समजले की मला मायची लाज वाटतेय.

टेबलाच्या कडेला बसलेल्या माणसानं मायच्या कागदावर लिहिलं. अक्षर सुरेख होतं. मला उलट्या बाजूनंही वाचता आलं. "आजाराचे कारण: अज्ञान व वाईट सवयी."

मायनं चिंचोका उचलला, पदरानं चादर पुसली आणि आम्ही बाहेर आलो.

परत येताना मी तिच्या चार पावलं पुढं चालले. घरी आल्यावर दप्तर भिरकावलं आणि तिच्यावर ओरडले. "पाणी प्यायला काय होतं तुला? एवढे लोक हसले. एवढंसुद्धा कळत नाही?"

माय चुलीपुढं बसली होती. तिनं वर न बघता सांगितलं.

"पेते की गं. दोन तांबे कशाला, हंडाभर पेते. पर मग जाऊ कुटं? ते बी इचारून याचं की तुज्या डाक्टरला."

उत्तर मला माहीत होतं. शाळेत मुलींसाठी मुतारी नव्हती, म्हणून मीही सकाळी निघताना पाणी प्यायची नाही. दुपारी डोकं दुखायचं, संध्याकाळी जीभ टाळूला चिकटायची. मायनंच शिकवलं होतं, "दुपारचं पाणी पेऊ नको बाई, अवघड होतं." वस्तीतल्या प्रत्येक पोरीला तिच्या आईनं हे शिकवलेलं. म्हणजे मी स्वतः तेच करत होते, तरी डॉक्टरपुढं हो सर म्हणाले. शिकल्याचा एवढाच उपयोग झाला होता तोवर.

आमची वस्ती डाळमिलांच्या मागं होती. निलंग्याकडचं गाव सोडून माय-बाप लातुरात आले तेव्हा मी लहान होते. बाप मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली करायचा. माय मिलमध्ये डाळ निवडायची. मिलचा भुसा दिवसभर वस्तीवर उडायचा. पत्रे पिवळे, वाळत घातलेले कपडे पिवळे, म्हाताऱ्यांचा खोकला बारमाही. वस्तीला एक हातपंप. त्याचं पाणी इतकं खारं आणि जड, की त्यात डाळ शिजायची नाही. सगळ्या मुलखाला डाळ पुरवणाऱ्या गावात आमच्या चुलीवर डाळ तासन्‌तास खदखदायची आणि दाणा दाण्याच्या जागी. मायला बीपी निघालं तेव्हा मीठ कमी खा म्हणून सांगितलं गेलं. मीठ आमच्या हातपंपातूनच येत होतं, ते कमी कसं करायचं ते कुणी सांगितलं नाही.

पण सुरुवातीला एक गोष्ट बरी होती. वस्तीच्या मागं बाभळीचं रान होतं. काटेरी, पडीक, कुणाच्या कामाचं नाही. ती बायांची बाजू. दिवसाढवळ्या आडोसा मिळायचा. माय तेव्हा हंड्यातून ओंजळी भरभरून पाणी प्यायची. माझ्या आठवणीत ती तशी आहे, हनुवटीवरून पाणी गळतंय आणि ती हसतेय.

मग लातूर जिल्हा झाला. उस्मानाबादेतून तुटून नवा जिल्हा. गावभर पेढे वाटले, आम्हीही खाल्ले. शाळेनं मिरवणूक काढली. मी पहिल्या रांगेत होते, घोषणा देऊन घसा बसला. नवा जिल्हा म्हणजे नवे साहेब, आणि साहेबांना राहायला घरं हवीत. बाभळी तुटल्या. रानाच्या जागी पिवळ्या रंगाच्या बैठ्या घरांच्या रांगा आल्या, भोवती भिंत, भिंतीवर काचा, कोपऱ्याकोपऱ्यावर खांबाचे दिवे. दिवे लागले तेव्हा वस्तीतली पोरं टाळ्या पिटत होती. बाया एकमेकींकडं बघत होत्या. त्यांना लगेच कळलं होतं की आता अंधारही गेला.

भिंतीजवळ कुणी बाई वाकलेली दिसली की चौकीदार शिट्टी मारायचा. मुद्दाम, लांबलचक. मग उरलं रेल्वेच्या रुळांपलीकडचं माळरान. एवढ्या लांब दिवसा जाता येत नाही. गेलं तरी आडोसा नाही. म्हणून उजाडायच्या आत एकदा आणि दिवस बुडाल्यावर एकदा. मधले बारा-तेरा तास धरायचं. आणि धरायचं तर प्यायचं नाही. एवढा साधा हिशोब होता.

त्यातच पाऊस पळाला. एक वर्ष, मग दुसरं. हातपंप खडखडायला लागला. टँकर यायचा तो आधी नव्या वसाहतीत जायचा. तिथं रस्त्याच्या कडेला गुलमोहराची रोपं लावली होती, ती जगवायची होती. एक माणूस पाइप धरून रोपट्यांना पाणी घालायचा आणि आमच्या बाया कळशा घेऊन भिंतीच्या अलीकडं उभ्या. रोपं जगली, झाडं झाली. आजही लाल फुलतात. लोक कौतुक करतात.

शिबिरानंतरच्या उन्हाळ्याच्या सुटीत मी मायबरोबर मिलमध्ये जाऊ लागले. तिला उन्हाळी लागली होती, म्हणजे लघवीला आग. ती बरी व्हायची आणि पुन्हा उठायची. कधी ताप भरायचा. कंबर धरून बसायची. तरी खाडा करायची नाही. मला वाटलं, माझ्या हातानं तिचं काम थोडं हलकं होईल.

आत गेल्यावर दिसलं ते सगळं मी आधी ऐकलेलं होतं. तरी दिसल्यावर वेगळं वाटलं. पत्र्याखाली वीस-बावीस बाया ओळीनं बसलेल्या, पुढं डाळीचे ढीग. पत्रा तापून भट्टी झालेली. डोळ्यांच्या पापण्यांवर भुसा. आणि प्रत्येकीच्या एका गालाला बारीकसा फुगवटा. चिंचोका. तो गालात धरला की तोंडाला पाणी सुटतं, तहान मागं पडते. जुन्या बाया नव्या बाईला पहिल्याच दिवशी चिंचोका द्यायच्या. मलाही दिला. शेजारच्या म्हातारीनं कनवटीतून काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, "घे. चावू नको. नुसता ठेव."

प्यायचं पाणी नव्हतं असं नाही. कोपऱ्यात रांजण होता, त्यावर तांब्या पालथा घातलेला. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगायचा, मजुरांसाठी पाण्याची सोय आहे. रांजण दिवसभर भरलेला राहायचा.

आणि संडासही होता. मिलच्या कचेरीला लागून, सिमेंटचा, हिरव्या दाराचा. दाराला कुलूप. चावी दिवाणजीच्या पाठीमागं खिळ्याला, लाकडाच्या ठोकळ्याला बांधलेली. मालक, दिवाणजी आणि आलेले व्यापारी ती घ्यायचे. निवडणाऱ्या बायांच्या जागेपासून ते हिरवं दार मोजून वीस पावलं होतं. माय सहा वर्षं त्या दारासमोर बसून डाळ निवडत होती.

"मागितली का कधी?" मी विचारलं.

"काय?"

"चावी."

माय माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू मी चंद्र मागितला. "गप काम कर," ती म्हणाली. "हजेरीतून नाव कापतील."

पंधरा-वीस दिवस मी गप काम केलं. मग एका दुपारी माय निवडता निवडता पुढं झुकली आणि तिनं कपाळ डाळीच्या ढिगावर टेकवलं. आवाज नाही, काही नाही. मी तिला उठवलं. चेहरा सुजलेला, कपाळाला डाळ चिकटलेली. "पोटात आग पडून राहिली गं," एवढंच म्हणाली. तेवढ्यात मुकादम लांबून ओरडला, "ए, झोपायला आलीस का?" मायनं कपाळाची डाळ आधी ढिगात झाडली आणि मग डोळे पुसले.

मी उठले. रांजणाकडं गेले. तांब्या सुलटा केला, बुडवला आणि प्याले. एक. मग दुसरा. घटघट आवाज त्या पत्र्याखाली केवढा मोठा वाटला! बायांचे हात थांबले. मायनं मान हलवली, नको, नको. मी तिसरा प्याले. मग येऊन कामाला बसले आणि वाट बघितली. तासाभरानं उठले आणि कचेरीच्या खिडकीपुढं जाऊन उभी राहिले.

"चावी द्या," मी म्हणाले.

दिवाणजी कागदातून वर बघेना. "कसली?"

"संडासाची."

आता त्यानं बघितलं. चष्म्यावरून, पायांपासून डोक्यापर्यंत. "कुणाची पोर गं तू?"

मी मायकडं बोट केलं.

"शाळेत जातेस वाटतं."

"हो."

"म्हणून." तो हसला. चिडला नाही, ओरडला नाही. अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "ते तुमच्यासाठी नाही बाळ. आतल्या माणसांसाठी आहे. तुमच्या लोकांना उघड्यावरची सवय असते. आत जमायचं नाही तुम्हाला."

सवय! तोच शब्द. शिबिरातल्या कागदावरचा.

"द्या चावी," मी पुन्हा म्हणाले.

"मुकादम, हिला बाजूला घे."

मुकादम आला. त्यानं माझा दंड धरला. मी खिडकीचा गज धरला. माय धावत आली आणि तिनं मला थोबाडीत मारली. ती मला वाचवत होती, हे मला तेव्हाही कळलं. गज मी सोडला नाही. तीन तांबे पाणी होतं पोटात. मला माहीत होतं आता काय होणार. पळाले असते तर रस्त्यापलीकडं कुठंतरी आडोसा शोधला असता, रोज सगळ्या शोधतात तसा. पण मी ठरवलं, शोधायचं नाही.

आणि ते झालं. तिथंच. दिवाणजीच्या खिडकीपुढं, उभ्या उभ्या, वीस-बावीस बायांच्या आणि सगळ्या हमालांच्या देखत. परकर भिजला, पाय भिजले, फरशीवर ओघळ गेला थेट कचेरीच्या उंबऱ्यापर्यंत. मुकादमनं विंचू चावल्यासारखा हात सोडला. "शी शी शी," दिवाणजी ओरडला. "घाणेरडी जात!"

मी रडत होते. हे लपवत नाही. खूप रडत होते, नाक वाहत होतं. पण तिथून हलले नाही.

माय माझ्याकडं बघत उभी होती. मला वाटलं आता दुसरी बसणार. ती वळली. रांजणाकडं गेली. गालातला चिंचोका तिनं बोटानं काढला आणि जमिनीवर टाकला. तांब्या भरला आणि प्यायला लागली. भर दुपारी. हनुवटीवरून पाणी गळत होतं, छातीवर ओघळत होतं, ती थांबेना. तांब्या रिकामा करून तिनं तो जागच्या जागी पालथा ठेवला. माझा हात धरला.

"चल," म्हणाली.

फाटकावर मुकादम आडवा आला. नेहमीचं वाक्य त्याच्या तोंडातून निघालं, "तोंड उघड."

मायनं तोंड उघडलं नाही. पदरही झटकला नाही. त्याच्या अंगावरूनच आम्ही बाहेर पडलो.

यानंतर काही भलं झालं असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. झालं नाही. आमची नावं दुसऱ्याच दिवशी हजेरीतून गेली. माय रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला गेली. तिथं आडोशाला दगडांचे ढीग होते पण प्यायला पाणी नव्हतं. म्हणजे एकीकडं पाणी होतं तर जायला जागा नव्हती, दुसरीकडं जागा होती तर पाणी नव्हतं. त्या मिलमध्ये पुढं बायांसाठी संडास झाला का, मला ठाऊक नाही. कुणी माझं नाव काढून कुलूप उघडलं अशी गोष्ट घडली नाही.

मायनं मला मारल्याचा विषय पुन्हा काढला नाही. फक्त शाळेची नवी वह्या-पुस्तकं आणली तेव्हा म्हणाली, "आता त्या कागदावर लिवणारी हो." घरात कोट घातलेला, हातात पुस्तक धरलेला, वस्तीत घरोघरी असतो तो फोटो होता. त्याच्याखाली बसून मी अभ्यास केला. नर्स झाले. नांदेडला नोकरी लागली.

नोकरीच्या चौथ्या वर्षी मायला नांदेडला आणलं. तोवर दोन्ही मूत्रपिंडं आकसली होती. डॉक्टर चांगला होता, तरुण. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की जुनं दुखणं आहे, पुन्हा पुन्हा जंतू चढत गेले, वरून बीपी. मग म्हणाला, "सिस्टर, आता पाणी मोजून द्यायचं. दिवसाला एवढंच." त्यानं बोटानं बाटलीवर खूण दाखवली.

संडास खाटेपासून दहा पावलांवर होता. दिवस-रात्र उघडा. नळाला पाणी होतं. आणि माय तहानेनं ओठ चाटत पडलेली. "घोटभर दे की गं," म्हणायची. मी, तिची लेक, नर्सचा पांढरा ड्रेस घालून तिला नाही म्हणायची. आयुष्यभर जागा नव्हती म्हणून प्याली नाही. जागा मिळाली तेव्हा पिऊ दिलं नाही. पन्नाशी गाठायच्या आत गेली. शेवटच्या दिवशी तिनं मला खूण करून जवळ बोलावलं आणि विचारलं, "चिंचोका हाय का गं कुटं?" मी वॉर्डातून धावत बाजारात गेले. परत आले तेव्हा तिचं तोंड मिटलं होतं.

एवढं सगळं भोगून माणूस शहाणा होतो, असं आपल्याला वाटतं. मी झाले नाही. ते सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलंय.

माय जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा बीपी-शुगरच्या पाहणीचं काम आमच्याकडं आलं. छापील अर्ज होता. त्यात एक रकाना: "रुग्णाच्या सवयी". खाली चौकोन. तंबाखू. दारू. जास्त मीठ. व्यायामाचा अभाव. औषधात हयगय. शेवटी, अज्ञान. माझ्या वाट्याला गोदावरीच्या काठची एक वस्ती आली. काठ नुकताच सुंदर केला होता. फरसबंदी, कारंजी, बसायला बाकं, उंच दिवे. वस्ती त्या सगळ्याच्या मागं, पत्र्याच्या आडोशाला झाकलेली.

दुपारची वेळ. चाळीसावं घर होतं. मी दमले होते. दारात सुमन नावाची बाई. वय सव्वीस, मंगल कार्यालयात भांडी घासणारी. बीपी बघितलं. पुन्हा बघितलं. एवढ्या तरण्या बाईला एवढं! पाय सुजलेले, पापण्या सुजलेल्या. एक गाल फुगलेला. मी तंबाखूच्या चौकोनात खूण केली.

"पाणी किती पितेस?"

"सकाळी पेते बाई. न मंग सांजच्याला."

आणि माझ्या तोंडून निघालं, "पाणी पीत जा गं. एवढंसुद्धा कळत नाही का तुम्हा लोकांना?"

तुम्हा लोकांना. मी म्हणाले. मी!

सुमन ओशाळून हसली. माझ्या हातातल्या खुणेकडं तिचं लक्ष गेलं असावं. "तमाकू न्हाई बाई, मी न्हाई खात," म्हणाली आणि बोट घालून गालातून वस्तू काढली, मला दाखवायला तळहातावर ठेवली.

चिंचोका. ओला, काळा, गुळगुळीत.

मी तिच्या उंबऱ्यावर बसले. इतक्या वर्षांनी तो डॉक्टर माझ्याच तोंडात येऊन बसला होता. पांढरा ड्रेस, हातात पेन, उंच आवाज. मायनं सांगितलं होतं कागदावर लिहिणारी हो. मी झाले होते आणि तेच लिहीत होते.

"जातेस कुठं?" मी विचारलं.

सुमनला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनं पत्र्याच्या पलीकडं, कारंज्यांकडं हात केला. "पैले तितं झाडी होती. आता उजेड लई. पाहाटंच जाते, पुलाखाली. कामावरलं संडास पाव्हण्यासाठी हाय, आमाला न्हाई जाऊ देत."

मी अर्ज पुढं घेतला. तंबाखूवरची खूण खोडली. मग आख्ख्या रकान्यावर तिरपी रेघ मारली आणि समासात लिहिलं. जायला जागा नाही, म्हणून बाई पाणी पीत नाही. होती ती झाडी तोडली. कामाच्या ठिकाणी संडास आहे, कुलूप आहे. हे सुमनला वाचून दाखवलं आणि विचारलं, बरोबर आहे का? ती म्हणाली, "हाव बाई. असंच हाय."

मग मी आधीच्या एकोणचाळीस घरांत परत गेले. तीन दिवस लागले. सगळ्यांना तोच एक प्रश्न विचारला, जो अर्जात छापलेला नव्हता. सगळ्या अर्जांवर रेघ मारली, सगळ्यांच्या समासात लिहिलं.

आढावा बैठकीत साहेबांनी माझे अर्ज सगळ्यांसमोर वर धरले, दोन बोटांत, मेलेला उंदीर धरावा तसे.

"सिस्टर, हे काय आहे?"

"कारण आहे सर."

"कारण शोधायला तुम्हाला पाठवलं नव्हतं. सवयी लिहायच्या होत्या. रकाना भरून द्या."

"सवय त्यांची नाही सर. कुलूप लावायची सवय आहे, ती दुसऱ्यांची आहे. त्यांच्यासाठी रकाना असेल तर भरते."

कुणीतरी खाकरलं. साहेब लाल झाले. "तुमच्या लोकांना ना, प्रत्येक गोष्टीत..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं. अर्धं सोडलेलं ते वाक्य मला चांगलं ओळखीचं आहे. मी चौदा वर्षांची असताना एका खिडकीतून पूर्ण ऐकलं होतं.

"नवे अर्ज घ्या," ते म्हणाले. "नीट भरा. नाहीतर बदलीवर लांब हिमायतनगरला जायची तयारी ठेवा."

समोर कोरे अर्ज ठेवले गेले. एक गठ्ठा. पेन माझ्या हातात होतं. मुलीची शाळा नांदेडला, नवऱ्याचं काम नांदेडला, घर नुकतंच घेतलेलं. सगळे माझ्याकडं बघत होते. त्या मिलमध्ये बाया हात थांबवून बघत होत्या तसेच, फक्त खुर्च्यांवर बसून.

टेबलावर पाण्याचा ग्लास होता. मी तो उचलला, सावकाश पूर्ण प्याले आणि ठेवला. कोरा गठ्ठा साहेबांकडं परत सरकवला.

"लिहिलेलं खोडणार नाही," मी म्हणाले.

बदलीचा हुकूम आठ दिवसांत आला.

आता मी हिमायतनगरला आहे. आठवड्याला एकदा नांदेडला जाते. मुलगी फुरंगटून बसते, तिचं बरोबर आहे. अर्ज इथंही तोच, रकानाही तोच. सुमनच्या वस्तीत संडास झालेला नाही. मागच्या खेपेला गेले तेव्हा तिचे पाय आणखी सुजले होते. मी तिला पाण्याबद्दल काही म्हणाले नाही. तिला घेऊन मी ती भांडी घासते त्या मंगल कार्यालयात गेले, मॅनेजरपुढं उभी राहिले आणि चावी मागितली. त्यानं दिली नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. सुमन आणखी चौघींना आणते म्हणालीय. जाताना आम्ही पोटभर पाणी पिऊन जाणार आहोत.